भेगेत पडलेला मका

"काय काढायलीस गं त्याच्यातून? पाणी लागना, सोनं लागना."

मामा बांधावर उकिडवे बसून विचारत होते. खाली पाझर तलावाच्या वाळल्या पोटात मी चार इंची पीव्हीसी पाइप दोन्ही हातांनी उभा धरला होता आणि मामांचा सालगडी त्यावर लाकडी ठोकळा ठेवून घण घालत होता. एप्रिल संपत आलेला. सकाळी नऊलाच पाइप हाताला चटके देत होता. हिमायतनगरपासून थोडं आत, पैनगंगेच्या अंगाला मामांचं शिवार आहे. सातबाऱ्यावर, रेल्वे स्टेशनवर, तहसीलच्या पाटीवर हिमायतनगर. आजी मात्र शेवटपर्यंत वाढोणाच म्हणायची. शिवरात्रीला परमेश्वराच्या यात्रेला निघालेली म्हातारी माणसं आजही वाढोण्यालाच जातात.

"फुलांची धूळ काढायलेय मामा."

"मग फुलात बघ की. चिखलात कामून शोधायलीस?"

पाइप दीड मीटरच्या थोडा पुढे गेला आणि मुरुमावर अडला. घणाचा आवाज बदलला तेव्हा सालगडी म्हणाला, "बस, आता खाली धरणीमाय हाय."

मामांच्या प्रश्नाचं उत्तर असं की फुलातली धूळ वर्षभरात विसरली जाते, चिखलातली टिकते. परागकणाचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं असतं. प्रयोगशाळेत आम्ही त्या चिखलावर आधी हायड्रोक्लोरिक ॲसिड घालतो, चुनखडी फसफसून जाते. मग कॉस्टिक पोटॅश, म्हणजे कुजलेल्या पाल्याचा काळा रस निघून जातो. मग हायड्रोफ्लोरिक, जे काचसुद्धा खातं. म्हणून ते प्लास्टिकच्या नळीत, दुहेरी हातमोजे घालून, कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी ठेवून वापरायचं. वाळूचा कण न् कण त्यात विरघळतो. शेवटी ॲसेटिक ॲनहायड्राइड आणि सल्फ्युरिक ॲसिडचं नऊला एक मिश्रण. एवढे सगळे अत्याचार सोसून नळीच्या तळाशी चिमूटभर तपकिरी गाळ उरतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातला एखादा कण काल फुलातून पडल्यासारखा दिसतो. गवताचा कण गोल, एकच भोक आणि भोकाभोवती कडं. बाभळीचे सोळा कण एकमेकांना चिकटून एकच लाडू झालेला. कपाशीचा मोठा, अंगभर काटे. प्रत्येक झाडाचं किंवा निदान प्रत्येक कुळाचं नक्षीकाम वेगळं.

स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्टनं १९१६ साली दलदलीतल्या थरांमधले असे कण मोजून त्यांचे आलेख मांडले, तिथून हे शास्त्र चालू झालं. त्याला पॅलिनॉलॉजी हे नाव मिळायला १९४४ उजाडलं. आपल्याकडे लखनौला बिरबल साहनींनी संस्था काढली. ३ एप्रिल १९४९ ला पंडित नेहरूंच्या हस्ते तिची कोनशिला बसली. त्या कोनशिलेत खरेखुरे जीवाश्म जडवलेले आहेत. आणि बरोबर एका आठवड्यानं, १० एप्रिलला, साहनी गेले. मी लखनौला पहिल्यांदा गेले तेव्हा ग्रंथालयाआधी ती शिला बघून आले होते.

तर पाइप. ज्या तलावात तो ठोकला, तो बहात्तरच्या दुष्काळातल्या कामावरचा. मामा तेव्हा पोरगेले होते. त्यांनी स्वतः टोपली उचललेली आहे. "बांध घालायच्या आधी तिथं चिबड होतं. उन्हाळाभर ओल असायची, म्हशी बसायच्या," हे त्यांचं वाक्य ऐकून मी पुण्याहून आले होते. चिबड म्हटलं की आमच्या लोकांचे कान टवकारतात. जिथं पाणी साचून राहतं तिथं हवा पोचत नाही, जिथं हवा पोचत नाही तिथं बुरशी-जिवाणूंचं फारसं चालत नाही, आणि तिथंच पराग टिकतो. मराठवाड्यात अशी जागा मिळणं म्हणजे लॉटरी. आमची माती क्षारी, चुनखडीचे खडे भरलेली, चार महिने भिजणारी आणि आठ महिने वाळणारी. परागाला याहून वाईट सासर नाही.

खरं तर मला तलावाच्या मधोमध, बांधाजवळच्या खोल भागात पाइप घालायचा होता. पण तिथला गाळ माझ्याआधी पोकलेन घेऊन गेला होता. २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू झाली. तलावांचे तळ उकरून ती माती शेतात पसरतात. मामांच्याही दोन एकरांवर ती पडली होती. मला मिळाली ती तलावाची शेपटी, जिथं नाला आत शिरतो आणि मशीन गेलं नव्हतं. मी जरा कुरकुर केली तेव्हा मामांनी शेताकडे बोट दाखवलं. मुरमाड रानावर वीतभर काळी पसरली होती आणि मागच्या साली त्यांची तूर छातीला लागली होती. मी त्यावर काय बोलणार? इतिहास म्हणून फ्रीजमध्ये ठेवण्यापेक्षा त्या मातीनं केलेलं हे काम मोठंच होतं. पण मनातली हळहळ काही गेली नाही, हेही खरं.

पाइप काढला, दोन्ही तोंडं बंद केली, वर बाण काढून 'वर' असं लिहिलं आणि जुन्या चादरीत गुंडाळला. नांदेडहून पुण्याच्या गाडीत तो माझ्या बर्थखाली आडवा. समोरच्या काकांनी विचारलं, "बोअरचा का?" मी हो म्हणाले. चिखल घेऊन चाललेय हे सांगून पाहिलंय मी पूर्वी. मग नांदेडपासून दौंडपर्यंत दुसरा विषय निघत नाही.

पुण्यात पाइप उभा कापला. दोन पन्हाळी झाल्या. एक जपून ठेवायची, दुसरीतून नमुने काढायचे, हा रिवाज. वरचे साधारण सत्तर सेंटिमीटर करडा, पातळ पातळ पापुद्र्यांचा गाळ, म्हणजे बहात्तरनंतरचा. त्याच्याखाली गडद काळी चिकण माती, मामांचं चिबड. मध्येच कोळशाचे बारीक तुकडे. काळ्या भागातली ढेकळं हातानं उकलताना काही ठिकाणी चकचकीत, तिरकी, घासून गुळगुळीत झालेली पृष्ठं दिसली. वहीत मी लिहिलं, 'चमकदार पृष्ठ, तिरपे'. लिहिलं आणि पुढे गेले. आज ती नोंद वाचताना स्वतःच्या टाळक्यात मारावंसं वाटतं.

इथं एक गैरसमज आधीच काढून टाकते, कारण तो शिकलेल्या माणसांतही असतो. पराग सापडला म्हणजे वय कळलं, असं नसतं. निदान तरुण चिखलात तरी नसतं. पराग एवढंच सांगतो की तेव्हा आजूबाजूला कोण उभं होतं. वय कार्बन-१४ कडून घ्यायचं, किंवा वाळूच्या कणांनी शेवटचं ऊन कधी पाहिलं ते प्रकाशाच्या तंत्रानं मोजायचं. कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे साधारण पन्नास हजार वर्षांमागे त्याची नजर पोचत नाही. आणि त्याचं 'आज' म्हणजे १९५०. मागची सगळी वर्षं त्या सालापासून उलटी मोजायची.

पराग स्वतः पंचांग होतो तो दोनच वेळा. एक, दगड फार जुना असेल तेव्हा. आपल्या पायाखालचा बेसाल्ट एका दमात आला नाही. एक लाव्हा थंड व्हायचा, त्यावर तळी साचायची, झाडं उगवायची, आणि पुढचा लाव्हा येऊन ते सगळं पुरायचा. लाव्ह्याच्या थरांमध्ये दबलेले हे तळ्यांचे थर नागपूर, छिंदवाडा भागात ठिकठिकाणी आहेत. छिंदवाड्याच्या मोहगाव कलानच्या वनस्पती पाहून साहनींनी ठरवलं होतं की दख्खनचा लाव्हा डायनासोरांच्या नंतरचा. पुढे अशा थरांत अ‍ॅक्विलापोलेनाइट्स सापडला. तीन हात पसरलेला, पंख उघडलेल्या गरुडासारखा कण, नावही गरुडावरूनच. तो क्रेटेशियस काळाच्या अखेरच्या टप्प्याचा शिक्का आहे. तो ज्या थरात निघाला तो थर डायनासोर असतानाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांच्या अलीकडे त्याला ओढता येत नाही. एवढ्याशा कणानं केवढ्या मोठ्या माणसाचा निष्कर्ष हलवला! आमच्या बाजूला लाव्ह्याची ही चादर पातळ होत जाते. नांदेडच्या पूर्वेला ती संपते आणि देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट उघडा पडतो. किल्लारीला भूकंपानंतर जे खोल भोक पाडलं, त्यात ३३८ मीटर बेसाल्टच्या खाली सुमारे आठ मीटर गाळाचा थर लागला आणि मग जुना कातळ. लाव्हा यायच्या आधी लातूरच्या जमिनीवर पाणी गाळ टाकत होतं, याचा तो आठ मीटरचा पुरावा.

दुसरी वेळ अगदी अलीकडची. परदेशातून आलेली झाडं. गाजर गवत पुण्याला १९५० च्या दशकात नोंदलं गेलं आणि मग देशभर पसरलं. त्याचा बारीक काटेरी कण ज्या थरात खात्रीनं ओळखता आला, तो थर त्याच्यानंतरचा. (खात्रीनं हा शब्द महत्त्वाचा. गोखरूचा कण त्याचा जुळा भाऊ आहे.) आणि मका. मका अमेरिकेचा, कोलंबसानंतर पोर्तुगीज गलबतांतून इकडे आला. होयसळ देवळांतल्या मूर्तींच्या हातातली कणसं मक्याची आहेत असं म्हणणारेही आहेत. बहुतेक अभ्यासक ते मानत नाहीत, मीही नाही. मक्याचा कण ओळखणं सोपं. गवतासारखाच गोल, एक भोक, पण आकारानं राक्षस. रानगवताचे कण वीस ते चाळीस मायक्रॉनचे, हा नव्वदच्या आसपास, माणसाच्या केसाइतका जाड.

तो मला सापडला एक मीटर दहा सेंटिमीटरवर. मामांच्या चिबडात.

संध्याकाळ होती. दिवसभर जेमतेम चाळीस कण मोजून झाले होते. नियमाप्रमाणे तीनशे हवेत. निम्मे कुरतडलेले, सुरकुतलेले. काचपट्टी सरकवता सरकवता भिंगात अचानक एक पूर्ण चंद्र आला. थोडा चेपलेला, कडेला कडं असलेलं भोक. मी मोजपट्टी फिरवली: ९२. आधी संशय स्वतःवर. पावसाळ्यात प्रयोगशाळेबाहेर भाजलेली कणसं खाल्ली जातात, कुणाच्या बाहीवरून आला असेल? पुन्हा नमुना घेतला, पुन्हा सगळी ॲसिडं, दार-खिडक्या बंद. आणखी एक निघाला. वहीत मी 'मका' लिहून पुढे तीन उद्गारचिन्हं काढली. त्याच खोलीवरचा कोळसा तारखेसाठी पाठवला होता. ती तारीख जुनी आली, कोलंबसाच्या बरीच आधीची. दोन रात्री मला झोप नव्हती. देवळातल्या कणसांवर हसणारी मी, आता माझ्याच काचपट्टीवर तो वाद उभा.

मग खालच्या नमुन्याची तारीख आली. ती वरच्यापेक्षा तरुण.

थरांत खाली गेलं की वय वाढायला हवं. ते कमी झालं, म्हणजे काहीतरी उलटंपालटं झालंय. चुन्यातल्या जुन्या कार्बननं तारीख फसते, हे मला माहीत होतं. नमुना बिघडला असेल हेही सुचलं. सुचलं नाही ते जे हिमायतनगरातल्या कुठल्याही पोराला सांगता आलं असतं.

पुढच्या मे महिन्यात परत गेले. मामांना सगळं सांगितलं, मका, कोळसा, उलट्या तारखा. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. चहा संपवला, मला घेऊन बांधापलीकडच्या काळ्या रानात गेले. रान उलून गेलं होतं. भेगा अशा की बैलाचा खूर अडकावा. मामांनी धुऱ्यावरची एक लांब तुराटी उचलली आणि एका भेगेत सोडली. ती गेली. शेंडासुद्धा दिसेना. दुसरी सोडली, तीही गेली. मग म्हणाले, "माझा इळा गेला होता असाच. मामी आजून बोलून दाखवती. तीन वर्षांनी नांगराला वर आला, पार दुसऱ्या तासात."

मी मोजायचा टेप काढला आणि भेगेत सोडला. पंचाण्णव सेंटिमीटरवर टेकला.

काळ्या मातीतली चिकण पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुरभुरीत माती वाऱ्यानं, गुरांच्या पायानं, पहिल्या पावसानं आत पडते. पावसात ती फुगते, आत जागा नसते, म्हणून खालची माती तिरपी वर ढकलली जाते. ढकलताना ढेकळं एकमेकांवर घासतात आणि त्यांची पृष्ठं चकचकीत होतात. हे माझ्या पाठ्यपुस्तकात आकृतीसह होतं. परीक्षेत मी त्यावर टीपही लिहिली आहे. आणि ते चकाकणारं ढेकूळ हातात आलं तेव्हा 'तिरपे' असं लिहून मी पान उलटलं. काळी स्वतःला नांगरते, असं आमच्याकडे म्हणतात. मी ते मातीचं कौतुक समजत आले होते.

तलावाचं चिबड बहात्तरच्या आधी ओलं असेल. पण तलाव झाल्यापासून, उपसा वाढल्यापासून, दर उन्हाळ्यात ते तळापर्यंत वाळत होतं आणि फाटत होतं. वरच्या शेतातला चाऱ्याचा मका, परवापरवाचा, भेगेतून एक मीटर खाली उतरून जुन्या कोळशाशेजारी बसला. कोळसा जुना, मका नवा, दोघं खरं बोलत होते. शेजारी बसवलं ते भेगेनं, आणि मी त्यांना एका पंगतीचे समजले.

त्यानंतर मी उन्हाळाभर आटत नाही असा चिखल शोधत पैनगंगेच्या काठानं फिरले. सहस्रकुंडाच्या धबधब्याच्या वरचे-खालचे डोह पाहिले. कातळात कोरलेले, खोल, थंड. पण तिथं पूर दरसाल तळ खरवडून नेतो. गाळ बसायला उसंतच नाही. काठाच्या दरडींत वाळू-खड्यांचे थर सुंदर उभे कापलेले दिसतात, पण कोरडे. पराग शून्य. किनवटच्या बाजूला सागाचं जंगल दोन्हीकडे उभं असताना साध्या शेवाळाचा नमुना घेऊन पाहिला, म्हणजे आजच्या जंगलाचा आजचा पाऊस. त्यातही गवतच गवत, साग नावाला. साग कीटकांवर अवलंबून, तो पराग हवेत फारसा उधळत नाही. नुसत्या आकड्यांवर विसंबलं तर सागाच्या सावलीत उभं राहून 'हे माळरान होतं' असं लिहून मोकळं व्हायचं.

म्हणून लोणारचं महत्त्व मला पुस्तकापेक्षा या भटकंतीत जास्त कळलं. ही पैनगंगा बुलढाण्यातून, मेहकरवरून खाली येते, आणि मेहकरच्या शेजारीच लोणारचं विवर. खारं, क्षारी पाणी, तळाशी प्राणवायू नाही, बाहेर जायला वाट नाही. जे पडलं ते थरावर थर साचत राहिलं. भारतीय आणि जर्मन अभ्यासकांनी २००८ मध्ये तिथून सुमारे दहा मीटरचा गाभा काढला. त्यात गेल्या अकरा हजार वर्षांचा पाऊस वाचता आला. दोन मोठी दुष्काळी पर्वं निघाली: एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचं, दुसरं २००० ते ६०० वर्षांपूर्वीचं. बहात्तर सांगताना मामांचा आवाज उतरतो. तिथं शतकांचे दुष्काळ आहेत. त्या चमूनं विवराच्या आजच्या जंगलाचा आजचा परागही गोळा करून ताडून पाहिला. आणि खुद्द विवराचं वय? एका पद्धतीनं ५२ हजार वर्षं आलं होतं, पुढे दुसरीनं ५ लाख ७० हजार. एवढ्या नामांकित खड्ड्याच्या जन्मतारखेत दहापटीचा फरक पडू शकतो, हे आठवलं की माझ्या उलट्या तारखांची लाज थोडी कमी होते.

मी तो मका छापला नाही. अहवालात एक परिच्छेद लिहिला: वाळणाऱ्या काळ्या मातीतल्या परागाला त्याच्या खोलीचं वय देऊ नये, आणि चकचकीत पृष्ठं दिसली तर तिथंच थांबावं. वरच्या सत्तर सेंटिमीटरबद्दलही मी फार छातीठोक बोलले नाही. त्यात काटेरी बारीक कण आहेत. गाजर गवत असावं. गोखरूही असेल. पापुद्रे न फाटलेले जेवढे तुकडे मिळाले तेवढ्यांतूनच मोजणी धरली, आणि ती एका काचपट्टीवर मावली.

मामांनी परवा फोनवर विचारलं, "मग किती निघालं वय आमच्या रानाचं?" मी म्हटलं, "मामा, वरचं तुमच्यापेक्षा लहान. खालचं कालवलंय." ते म्हणाले, "कालवलेलंच पिकतंय बाई."

पाइपची एक पन्हाळ चार अंशांवर फ्रीजमध्ये आहे, बाण आणि 'वर' असं लिहिलेली. दुसरीतला चिखल संपला होता, ती धुऊन मी मे महिन्यात परत नेली होती. गोठ्याच्या पत्र्याखाली मामांनी ती तारेनं बांधली आहे. पाऊस आला की पत्र्यावरचं पाणी तिच्यातून शेळ्यांच्या टाक्यात पडतं.